हिरवी खूण असताना शिरलेला नकली अँटिव्हायरस : बारा संगणकांच्या तपासणीच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

जागा: एका पतसंस्थेचं कार्यालय. १२ संगणक, त्यांपैकी ७ विंडोज १० वर, ५ विंडोज ११ वर. यादीप्रमाणे ८ संगणकांवर विकतचा अँटिव्हायरस आणि ४ वर विंडोजचाच डिफेंडर.

तक्रार काउंटरवरच्या क्र. ३ ची. दर दोन-तीन मिनिटांनी उजव्या कोपऱ्यात ‘५ व्हायरस सापडले’ अशी पट्टी येते. तिच्यावर क्लिक केलं की पडदाभर स्कॅन चालल्याचं चित्र दिसतं, भोंगा वाजतो आणि एक फोन नंबर झळकतो. घड्याळाशेजारी मात्र विकतच्या अँटिव्हायरसची हिरवी खूण जशीच्या तशी. संस्थेचा प्रश्न साधा आहे: पैसे भरून घेतलेला राखणदार झोपला होता का?

आधी नेटवर्कची केबल काढली. यंत्र बंद केलं नाही, कारण मेमरीत चाललेलं काही असेल तर ते बंद करताच निघून जातं. पडद्याचे फोटो मोबाइलवर काढले आणि टास्क मॅनेजरमधली यादी लिहून घेतली. पडदाभर अडकलेलं पान सोडवायला एस्केपची कळ दाबून धरायची. तेवढ्यानं सुटलं नाही तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केपनं टास्क मॅनेजर उघडून ब्राउझर संपवायचा. परत उघडताना ‘आधीची पानं पुन्हा उघडू का’ या प्रश्नाला नकार द्यायचा, नाहीतर तेच पान पुन्हा समोर येतं.

पट्टीवर मजकुराच्या खाली बारीक अक्षरात एका संकेतस्थळाचं नाव होतं. म्हणजे ही पट्टी ब्राउझरची सूचना होती, विंडोजची किंवा अँटिव्हायरसची नव्हे. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स उघडल्यावर परवानगी मिळालेली ४ अनोळखी संकेतस्थळं दिसली. ‘मी रोबोट नाही, पुढे जाण्यासाठी अलाउ दाबा’ अशा पानावर कुणीतरी कधीतरी ‘अलाउ’ दाबलेलं असतं. चारही काढल्यावर पट्ट्या थांबल्या.

इथवर अँटिव्हायरसची चूक शून्य. डिस्कवर त्या प्रकाराची एकही फाइल नव्हती, त्यामुळे पकडायलाही काही नव्हतं. वेबपान आणि वापरणाऱ्याची परवानगी एवढाच त्याचा ऐवज. अँटिव्हायरसचं वेब-फिल्टर असली पानं अडवू शकतं, पण त्यासाठी ते संकेतस्थळ आधी काळ्या यादीत यावं लागतं आणि ही नावं फार झपाट्यानं बदलतात.

खरी भानगड डाउनलोड्स फोल्डरमध्ये निघाली: दूरस्थ मदतीसाठी सगळीकडे वापरलं जाणारं, बनवणाऱ्या कंपनीची ओळख पटवणारी व्यवस्थित डिजिटल सही असलेलं सॉफ्टवेअर. झळकणाऱ्या नंबरवर कुणीतरी फोन केला होता आणि समोरच्यानं ते उतरवून घ्यायला लावलं होतं. सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या लॉगमध्ये १६ ऑक्टोबरला बाहेरून एक जोडणी, १९ मिनिटांची. अँटिव्हायरस याला अडवत नाही, कारण हेच सॉफ्टवेअर संस्थेचा हिशेबाचा सॉफ्टवेअरवालाही वापरतो. पैसे गेलेले नाहीत. गेले असते तर इतर कशाच्याही आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार, कारण रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. क्र. ३ वरून उघडलेल्या सर्व खात्यांचे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून बदलले.

४ नोव्हेंबर

क्र. ७. इथे खरोखर स्थापित झालेला कार्यक्रम आहे: ‘पीसीचा वेग वाढवा’ छापाचा. स्कॅन करतो, शेकडो ‘चुका’ दाखवतो आणि दुरुस्तीसाठी पैसे मागतो. विकतच्या अँटिव्हायरसला तो दिसत होता. अहवालात नावही होतं, पण कारवाईच्या रकान्यात ‘दुर्लक्ष’.

कारण वर्गवारी. असे कार्यक्रम ‘मालवेअर’ (घातक सॉफ्टवेअर) या सदरात मोडत नाहीत. ते ‘संभाव्य नकोसे’ या वेगळ्या सदरात जातात आणि अनेक ठिकाणी ते सदर बंद असतं, किंवा नुसती नोंद करून सोडून देतं. बनवणारे हुशार असतात. परवान्याचा मजकूर ठेवतात, काढून टाकण्याची सोय ठेवतात, सही विकत घेतात आणि वर कोर्टात जातात. जाहिराती दाखवणारे कार्यक्रम बनवणाऱ्या झँगो कंपनीनं कॅस्परस्की या अँटिव्हायरस कंपनीवर असाच दावा लावला होता. २००९ मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किट अपील न्यायालयानं अशा अडवणुकीला कायद्याचं संरक्षण आहे असं म्हणत कॅस्परस्कीच्या बाजूनं निकाल दिला. पण २०१९ मध्ये एनिग्मा विरुद्ध मालवेअरबाइट्स या दोन सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपन्यांच्या खटल्यात त्याच न्यायालयानं सांगितलं की प्रतिस्पर्ध्याला अडवण्याच्या हेतूनं असं केलं असेल तर ते संरक्षण मिळणार नाही. असल्या सीमेवरच्या मालाला थेट ‘व्हायरस’ म्हणताना अँटिव्हायरस कंपन्या का कचरतात ते यावरून समजतं.

उपाय दोन मिनिटांचा. डिफेंडरमध्ये पॉवरशेल या विंडोजच्या आज्ञा-खिडकीतून पीयूए (संभाव्य नकोसे कार्यक्रम) प्रोटेक्शन १ करायचं (० म्हणजे बंद, २ म्हणजे फक्त नोंद). विकतच्यात हाच पर्याय ‘नको असलेले कार्यक्रम’ अशा नावाखाली सेटिंग्जच्या तिसऱ्या पानावर दडलेला आहे. तिथे कृती ‘क्वारंटाइन’ (वेगळं काढून कोंडणं) केली. १२ पैकी ११ ठिकाणी हे बंद होतं.

६ नोव्हेंबर

चाचणीचं यंत्र उभं केलं. व्हर्च्युअलबॉक्स या आभासी संगणकात विंडोज ११, २ कोअर, ४ जीबी मेमरी, ६४ जीबी डिस्क. शेअर्ड फोल्डर, क्लिपबोर्ड आणि यूएसबी तिन्ही बंद. प्रत्येक चाचणीआधी स्नॅपशॉट, म्हणजे परत येण्यासाठी जतन केलेली अवस्था. खरा मालवेअर वापरायचा नाही हे आधीच ठरलेलं. आयकार चाचणी-फाइल पुरते.

आयकार म्हणजे ६८ अक्षरांची निरुपद्रवी ओळ. तिला ‘व्हायरस’ म्हणायचं हे सर्व अँटिव्हायरस कंपन्यांनी आपसात ठरवलेलं आहे. नियम असा की फाइलची सुरुवात त्याच ६८ अक्षरांनी व्हावी, मागे फक्त रिकाम्या जागा चालतील आणि एकूण लांबी १२८ च्या वर जाऊ नये.

जशीच्या तशी जतन केली: लगेच पकडली. सुरुवातीला एकच अक्षर जोडलं: गप्प. झिपमध्ये घातली: झिप पडून असेपर्यंत काही नाही, उघडताक्षणी पकडली. पासवर्ड घातलेल्या झिपमध्ये: संपूर्ण स्कॅन करूनही काही नाही, पासवर्ड देऊन उघडल्यावर मात्र पकडली.

दुसऱ्या निकालावर थांबायला हवं. एका अक्षरानं ओळख पुसली जाते, हा आयकारच्या नियमाचा भाग आहे, दोष नव्हे. पण स्वाक्षरीवर, म्हणजे आधी नोंदवलेल्या खुणांवर, चालणाऱ्या ओळखीचा स्वभाव त्यात नेमका दिसतो. फाइलचा हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा-क्रमांक) घेतला तर एक बिट बदलला की सगळा हॅश बदलतो. म्हणून कंपन्या नुसत्या हॅशवर थांबत नाहीत; फाइलमधले ठरावीक तुकडे, आतल्या रचनेच्या खुणा, वागणुकीचे नियम असं बरंच काही पाहतात. पलीकडचे, म्हणजे मालवेअर बनवणारे, लोकही तिथेच काम करतात. त्यांचा सर्व्हर प्रत्येक डाउनलोडला तोच कार्यक्रम नव्यानं पॅक करून देतो, म्हणजे तुमच्याकडे आलेली फाइल जगात दुसऱ्या कुणाकडे नसते. पाठवण्याआधी ती चालू अँटिव्हायरसांवर तपासून घेतात. जी पकडली जाते ती फेकतात आणि उरलेली पाठवतात. तुमच्यापर्यंत पोहोचलेली फाइल ही चाळणीतून पास झालेलीच असते. ‘पहिल्या दिवशी कसं नाही पकडलं’ याचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच.

वेळेचं सर्वांत स्वच्छ उदाहरण मॅकवरचं आहे. मे २०११ मध्ये ‘मॅक डिफेंडर’ नावाचा नकली अँटिव्हायरस पसरला. ॲपलनं ३१ मे रोजी सुरक्षा अपडेट काढून त्याची ओळख प्रणालीतच घातली आणि काही तासांत त्या ओळखीत न बसणारी नवी आवृत्ती बाहेर आली. त्याआधीच नकलीवाल्यांनी ॲडमिनचा पासवर्ड न मागता बसणारी आवृत्तीही काढली होती.

परिपूर्ण अँटिव्हायरस का नाही, हा प्रश्न फ्रेड कोहेन यांनी १९८४ च्या निबंधातच निकालात काढला होता: कोणताही कार्यक्रम व्हायरस आहे की नाही हे प्रत्येक वेळी अचूक सांगणारी पद्धत अस्तित्वातच असू शकत नाही. संस्थेला द्यायच्या अहवालात हे लिहिणार नाही, तिथे निरुपयोगी आहे. पण पुढच्या वर्षी कुणी ‘१००% संरक्षण’ विकायला आला तर हाताशी असावं.

७ नोव्हेंबर

क्लाउड-तपासणी. अनोळखी फाइल दिसली की डिफेंडर ती थोडा वेळ रोखून धरतो आणि मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला विचारतो. ठरलेला वेळ १० सेकंद, वाढवून ६० पर्यंत नेता येतो. उत्तर वेळेत आलं नाही तर फाइल सुटते.

ॲम्ट्सो या अँटिव्हायरस-चाचणीच्या संस्थेची क्लाउड-चाचणीची फाइल वापरली. १२ पैकी ५ ठिकाणी ती उतरली आणि तशीच राहिली. ३ ठिकाणी क्लाउड बसवतानाच ‘नको’ म्हटलेलं होतं. उरलेल्या २ ठिकाणी राउटरमधल्या कुणाच्या तरी जुन्या फिल्टरनं तो पत्ताच अडवला होता. फिल्टर दुरुस्त केला आणि डिफेंडरच्या यंत्रांवर वेळ ५० सेकंद केली. दुपारी नेट मंदावतं तेव्हा १० सेकंद खरंच अपुरे पडतात.

१० नोव्हेंबर

आजचा दिवस वगळण्याच्या यादीचा. सर्वांत मोठं भोक इथेच आहे.

८ यंत्रांवर हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा अख्खा फोल्डर तपासणीतून वगळलेला. ५ यंत्रांवर त्यासोबत टेम्प, म्हणजे तात्पुरत्या फाइलींचा, फोल्डर. क्र. ११ वर पूर्ण डी ड्राइव्ह. कारण विचारलं तर एकच: ‘सॉफ्टवेअर हळू चालत होतं, सॉफ्टवेअरवाल्यानं सांगितलं.’ वगळलेल्या फोल्डरमध्ये आयकार टाकली: गप्प. तीच कॉपी डेस्कटॉपवर आणली: पकडली. नकली अँटिव्हायरसचे बहुतेक इन्स्टॉलर आधी टेम्पमध्येच उलगडतात. टेम्प वगळणं म्हणजे राखणदाराला सांगून मागचं दार उघडं ठेवणं.

डिफेंडरमध्ये असा बदल झाल्याची नोंद इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत क्रमांक ५००७ खाली राहते (ओळख ठरली तर १११६, कारवाई १११७, तत्काळ संरक्षण बंद झालं तर ५००१). मालवेअरही ॲडमिनचा हक्क मिळाला की पहिल्यांदा स्वतःचा फोल्डर या यादीत घालतो. त्यामुळे कुणी न सांगता आलेली ५००७ दिसली की तपासायला हवी.

बदल: फोल्डर काढून टाकले आणि फक्त डेटाबेसच्या दोन फाइल प्रकारांना त्यांच्या नेमक्या पत्त्यासह वगळलं. वेग तपासला: दिवसाअखेरचा अहवाल काढायला आधी जेवढा वेळ लागत होता तेवढाच लागतो. हळूपणाचं कारण अँटिव्हायरस नव्हताच, ९६% भरलेली डिस्क होती.

त्याच डी ड्राइव्हवर मराठी टंकलेखनाच्या जुन्या सॉफ्टवेअरचा ‘क्रॅक’ (परवाना चुकवण्याचा उपाय) सापडला. डोंगल (परवान्याची यूएसबी किल्ली) हरवली, नवी घेतली नाही, कुणीतरी पेनड्राइव्हवर उपाय आणून दिला. सोबतच्या टिपणात पहिली ओळ: ‘आधी अँटिव्हायरस बंद करा.’ म्हणजे तो बंद ठेवण्याचं काम वापरणाऱ्याकडूनच करून घेतलं. क्रॅकसोबत माहिती-चोर येतो तेव्हा तो ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कुकीज (लॉगिन चालू ठेवणाऱ्या खुणा) उचलतो, बाहेर पाठवतो आणि स्वतःला पुसून टाकतो. त्याला मुक्काम करायचाच नसतो. म्हणून महिन्याभरानं केलेला संपूर्ण स्कॅन स्वच्छ येतो आणि त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

क्र. ११ वरच्या सर्व खात्यांतून ‘सर्व उपकरणांवरून बाहेर पडा’ केलं. नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, कारण चोरलेल्या कुकीवर जुनं सत्र चालू राहू शकतं. डिजिटल सहीच्या टोकनचा पिनही बदलला.

१२ नोव्हेंबर

क्र. ६. अँटिव्हायरसची ओळख-सूची २ ऑक्टोबरची, म्हणजे दसऱ्यानंतर एकदाही ताजी झालेली नाही. ४१ दिवस.

होस्ट्स फाइल (कोणतं नाव कोणत्या पत्त्यावर न्यायचं ते सांगणारी) नोटपॅडमध्ये उघडली. वर नेहमीच्या टिप्पण्या, मग खूप साऱ्या रिकाम्या ओळी आणि खाली स्क्रोल केल्यावर अँटिव्हायरस कंपन्यांच्या सर्व्हरची नावं १२७.०.०.१ कडे, म्हणजे स्वतःकडेच वळवलेली. रिकाम्या ओळी मुद्दाम, वरवर पाहणाऱ्याला फाइल तिथेच संपल्यासारखी वाटावी म्हणून. ब्राउझरची वाहतूक वळवणारी प्रॉक्सीही १२७.०.०.१ वर लावलेली.

सूची शिळी झाल्याचा इशारा अँटिव्हायरसनं दिला होता. पण नकली पट्ट्यांना कंटाळून विंडोजच्या सर्वच सूचना बंद केलेल्या होत्या. खऱ्याचा आवाजही त्यातच बुडाला.

ही तंत्रं जुनी आहेत. २००८ ते २०१२ च्या काळातले नकली अँटिव्हायरस याहून पुढे जात. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) प्रत्येक ईएक्सई, म्हणजे कार्यक्रमाची फाइल, उघडण्याची रीत स्वतःकडे वळवत, म्हणजे कोणताही कार्यक्रम उघडला की आधी तेच चालू होत. खऱ्या अँटिव्हायरसच्या ईएक्सईला ‘डीबगर’ म्हणून भलतीच फाइल जोडत, मग तो उघडतच नसे. हे सारं व्यवस्थित व्यवसायासारखं चालायचं. विनफिक्सर आणि एक्सपी अँटिव्हायरस विकणाऱ्या इनोव्हेटिव्ह मार्केटिंगवर अमेरिकेच्या व्यापार आयोगानं डिसेंबर २००८ मध्ये खटला भरला. फसलेले ग्राहक १० लाखांच्या वर असल्याचं आयोगाचं म्हणणं होतं. एप्रिल २००९ मध्ये कॉन्फिकर या पसरणाऱ्या मालवेअरच्या एका आवृत्तीनं आधीच बाधित संगणकांवर ‘स्पायप्रोटेक्ट २००९’ हा नकली अँटिव्हायरस बसवला. घर फोडणाऱ्यानंच मग कुलूप विकायला यावं, तसं.

आज हक्कांचीही मोजदाद केली. १२ पैकी ९ ठिकाणी रोजचं काम ॲडमिनच्या खात्यातून. ॲडमिन म्हणून चाललेला मालवेअर होस्ट्स बदलतो, सेवा थांबवतो, वगळणी घालतो. साध्या खात्यात त्याला हे जमत नाही. मात्र साधं खातं म्हणजे सुटका नव्हे: वापरकर्त्याच्या स्वतःच्या ॲपडेटा फोल्डरमध्ये बसून, लॉगिनबरोबर कार्यक्रम सुरू करणाऱ्या त्याच्या ‘रन’ नोंदीतून सुरू होऊन नकली अँटिव्हायरस मजेत चालतो. पासवर्ड चोरायलाही ॲडमिन लागत नाही. फरक एवढाच की साध्या खात्यात खरा अँटिव्हायरस जिवंत राहतो आणि उद्याच्या सूचीत ओळख आली की त्याला पकडतो.

क्र. ९: यादीत ‘डिफेंडर’, प्रत्यक्षात काहीच नाही. जुना अँटिव्हायरस अर्धवट काढलेला. त्याची नोंद सुरक्षा केंद्रात शिल्लक आणि विंडोजची समजूत की तोच पहारा देतोय, म्हणून डिफेंडर बाजूला बसलेला. कंपनीचं स्वतःचं काढण्याचं साधन चालवून यंत्र रीस्टार्ट केल्यावर डिफेंडर जागा झाला. डिफेंडरच्या सेटिंग्जमधले परस्पर बदल रोखणारं टॅम्पर प्रोटेक्शन सुरू आहे याची खात्री केली.

१४ नोव्हेंबर

क्र. ६ ची सफाई. क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर.

१. केबल काढलेलीच. बाहेरच्या डिस्कवर पूर्ण प्रतिमा घेतली.
२. डिफेंडर ऑफलाइन स्कॅन. हा विंडोज सुरू होण्याआधी चालतो, त्यामुळे चालत्या विंडोजमध्ये स्वतःला लपवणारं काही असेल तर त्याला तिथे लपता येत नाही. साधारण १५ मिनिटं.
३. सिसइंटर्नल्सचं ऑटोरन्स, म्हणजे आपोआप सुरू होणाऱ्या सगळ्याची यादी दाखवणारं साधन. मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवून उरलेल्या पाहिल्या. ॲपडेटामध्ये अर्थ नसलेल्या अक्षरांच्या नावाचा फोल्डर, त्याची ‘रन’ नोंद आणि शिवाय टास्क शेड्यूलरमध्ये दर ३० मिनिटांनी तेच पुन्हा बसवणारं काम. टास्क राहून गेलं असतं तर संध्याकाळी पाहुणा परत आला असता.
४. आधी नोंदी काढल्या, मग फाइली. उलटं केलं आणि मालवेअरनं विंडोजच्या ‘शेल’ची (डेस्कटॉप दाखवणाऱ्या कार्यक्रमाची) जागा घेतलेली असेल तर पुढच्या वेळी लॉगिननंतर नुसता काळा पडदा दिसतो.
५. होस्ट्स मूळ रूपात, प्रॉक्सी बंद, डीएनएस (संकेतस्थळांचे पत्ते सांगणारी सेवा) तपासलं.
६. ब्राउझर: दोन अनोळखी एक्स्टेंशन. ‘काढा’ चं बटण नाही, खाली ‘तुमची संस्था व्यवस्थापित करते’. संस्थेनं असं काही केलेलं नाही. रजिस्ट्रीतल्या क्रोमच्या धोरणांत कुणीतरी ती जबरदस्तीनं घातली होती. धोरणाची नोंद पुसल्यावर निघाली.
७. डिझम आणि मग एसएफसी, विंडोजच्या फाइली शाबूत आहेत का पाहायला.

एवढं करूनही क्र. ६ आणि क्र. ११ पुसून विंडोज नव्यानं टाकायचं ठरवलं. तिथे ठेवींचे व्यवहार होतात आणि आतलं काय बदललं याची पूर्ण यादी कुणाकडेच नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये विंडोजच्या एमएस१०-०१५ या अपडेटनंतर अनेक संगणक निळ्या पडद्यावर अडकले. शोध घेतल्यावर कळलं की त्यांत अल्युरिऑन हे रूटकिट (विंडोजच्या गाभ्यात लपणारा मालवेअर) आधीपासून मुरलेलं होतं. तोवर मालकांना पत्ता नव्हता. नव्या विंडोजला यंत्रामागे दीड-दोन तास जातात, पासबुक प्रिंटरचा जुना ड्रायव्हर शोधण्यात त्याहून जास्त.

१७ नोव्हेंबर

उलट बाजू: खोटा गजर. जुन्या टंकलेखन सॉफ्टवेअरची अस्सल प्रतही क्र. २ वर क्वारंटाइन होते. ईएक्सईवर सही नाही आणि ते कळफलकावरची प्रत्येक कळ मध्येच पकडून तिचं देवनागरी अक्षर करतं. बाहेरून पाहिलं तर दाबलेल्या कळा चोरणारा की-लॉगर हेच करतो. अँटिव्हायरसचा संशय चुकीचा असला तरी असमंजस नाही.

अशा गजरांचा परिणाम वाईट होतो. दर आठवड्याला ‘परवानगी द्या’ दाबण्याची बोटांना सवय लागते आणि एक दिवस तेच बोट खऱ्या मालवेअरलाही परवानगी देतं. कंपन्याही म्हणूनच जपून चालतात. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या ५९५८ क्रमांकाच्या सूचीनं विंडोज एक्सपी एसपी३ मधली एसव्हीसीहोस्ट ही विंडोजचीच फाइल व्हायरस ठरवली आणि कार्यालयंच्या कार्यालयं बंद पडली. ओळख जितकी कडक, तितका हा धोका मोठा. सैल सोडली तर नकली आत येतो. मधली रेषा कंपनीनं कुठे ओढली आहे ते पैसे भरणाऱ्याला दिसत नाही.

तात्पुरतं: सॉफ्टवेअर प्रोग्रॅम फाइल्समध्ये हलवलं, कारण तिथे साध्या खात्याला लिहिता येत नाही, आणि त्या एकाच ईएक्सईचा पूर्ण पत्ता वगळला. कायमचं: विंडोजमधला इन्स्क्रिप्ट किंवा फोनेटिक कळफलक आणि युनिकोड. जुन्या फॉन्टमधले ठराव, नोटिसा रूपांतरित कराव्या लागतील. साधारण ६०० फाइली. नवीन कामाला १ डिसेंबरपासून युनिकोड सक्तीचं करावं असं सुचवलं.

१९ नोव्हेंबर

फाइल आत येण्याचे रस्ते.

इंटरनेटवरून आलेल्या फाइलीला विंडोज एक खूण लावतं. ती असेल तर विंडोजचं स्मार्टस्क्रीन हे इशारा देणारं संरक्षण आणि ऑफिस सावध होतात. पण आयएसओ (सीडीची प्रतिमा असलेली) फाइल उघडली की आतल्या फाइलींना ही खूण मिळत नव्हती. मायक्रोसॉफ्टनं हे नोव्हेंबर २०२२ च्या अपडेटमध्ये बुजवलं. अपडेट न घेतलेल्या यंत्रावर भोक अजून आहे. काही झिप सोडवणारी साधनं आजही खूण पुढे नेत नाहीत; कार्यालयात असं एक होतं, काढलं.

आकाराची पळवाट: स्कॅनर फार मोठ्या फाइली वेळ वाचवायला सोडून देतात. मार्च २०२३ मध्ये इमोटेट या ईमेलनं पसरणाऱ्या मालवेअरनं पाठवलेले वर्ड दस्तऐवज शून्यं भरून ५०० एमबीच्या वर फुगवलेले होते. झिप केल्यावर तेच लहानसे. शून्यांचं काय, दाबली की मावतात.

सध्याची सर्वांत त्रासदायक रीत २०२४ पासून जोरात आहे. नकली ‘माणूस आहात का’ पान सांगतं: विंडोज आणि आर दाबा, कंट्रोल-व्ही करा, एंटर मारा. क्लिपबोर्डवर आज्ञा आधीच ठेवलेली असते आणि ती विंडोजच्याच सही केलेल्या साधनांना हाक मारते. डाउनलोडची फाइल नाही, खूण नाही, चालवणारा खुद्द वापरकर्ता. विंडोज १० पासून असलेल्या एएमएसआय या स्क्रिप्ट-तपासणीच्या सोयीमुळे स्क्रिप्ट उलगडल्यावर अँटिव्हायरसला दाखवली जाते, पण तोवर खेळ सुरू झालेला असतो आणि ओळख नवी असेल तर तोही उपयोग नाही. म्हणून काउंटरच्या यंत्रांवर रन चौकट धोरणानं बंद केली. जेएस, व्हीबीएस आणि एचटीए या स्क्रिप्टच्या फाइली नोटपॅडमध्ये उघडतील असं केलं. कुणी चुकून डबल क्लिक केलंच तर पडद्यावर न कळणारा मजकूर दिसेल, बाकी काही होणार नाही.

विंडोज १० चं नियमित समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं. ७ पैकी ४ यंत्रं विंडोज ११ घेऊ शकतात, ३ नाहीत (टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप नाही). अँटिव्हायरस पॅचची (भोक बुजवणाऱ्या अपडेटची) जागा घेतो हा समज पक्का आहे. वॉनाक्राय या खंडणीखोर मालवेअरचं उदाहरण दिलं: पॅच १४ मार्च २०१७ ला आला, साथ १२ मे ला. मधल्या ५९ दिवसांत ज्यांनी पॅच लावला त्यांच्याकडे ते भोक बुजलेलं होतं.

२१ नोव्हेंबर

सर्व १२ वर रोजचं काम साध्या खात्यात हलवलं. ॲडमिनचा पासवर्ड बंद पाकिटात, सचिवांकडे. क्रोम आणि एज दोन्हींत सूचनांचं मूळ धोरण २ (म्हणजे अडवा), फक्त दोन संकेतस्थळांना सूट. एक्स्टेंशन सरसकट बंद, मंजूर यादीत एकच. दूरस्थ मदतीचं सॉफ्टवेअर कायमचं बसलेलं नको. सॉफ्टवेअरवाल्यानं फोन केला की त्या दिवसापुरतं.

पहिली अडचण दुपारीच आली: हिशेबाचं सॉफ्टवेअर साध्या खात्यात उघडेना. ते स्वतःच्या प्रोग्रॅम फोल्डरमध्ये सेटिंगची फाइल लिहितं. ॲडमिन परत देण्याऐवजी त्या एका फाइलला लिहिण्याचा हक्क दिला. चाललं.

२५ नोव्हेंबर

फेरतपासणी. आयकार १२ पैकी १२ ठिकाणी, टेम्पमध्येही, पकडली. नकोशा कार्यक्रमाची चाचणी १२ ठिकाणी यशस्वी. क्लाउडची ११, क्र. ४ वर अजून अडकते, नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर संशयित. चाचणीपुरत्या एका अनोळखी पानाला ‘अलाउ’ द्यायचा प्रयत्न केला: चौकटच येत नाही. ओळख-सूची सर्वत्र आजची.

शिल्लक: विंडोज ११ न घेणारी ३ यंत्रं नेटवर्कमधून वेगळी करून फक्त पासबुक छपाईसाठी ठेवायची, अंदाजपत्रक दिलं आहे. क्र. ४ चा ड्रायव्हर. फॉन्ट रूपांतराच्या ६०० पैकी ४० फाइली झाल्या. पुढची फेरी ९ डिसेंबर, तेव्हा सर्व यंत्रांवरच्या ५००७ च्या नोंदी आधी पाहायच्या.